कुकर पडला

मी माळ्यावरून बोलतोय. स्वयंपाकघराच्या दारावर फळ्यांचा माळा आहे ना, तिथे, जुन्या गाद्या आणि बंद पडलेला टेबलफॅन यांच्या मधोमध, मी माझ्या मूळ खोक्यात बसून आहे. खोक्यावर माझा फोटो छापलाय. फोटोत माझ्या एका बाजूला लालबुंद टोमॅटो आणि दुसऱ्या बाजूला दात दाखवून हसणारी बाई आहे. आयुष्यात मला या दोघांपैकी कुणाचाही फारसा सहवास मिळाला नाही. मी विजेवर चालणारा प्रेशर कुकर आहे, आणि माझ्या पोटात बहुतेक वेळा कोंबडीच होती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायची. तिनं मला वाफेनं भरलं, कान जवळ आणला आणि माझ्या झाकणावरची चिमुकली पिन वर आली का ते पाहिलं. ही पिन म्हणजे माझी अब्रू. आत वाफ कोंडली की ती वर येते आणि झाकणाला कुलूप लागतं. मग पहिलवान आला तरी मला उघडू शकत नाही. वाफ जिरली की पिन आपल्या जागी बसते, एवढासा 'टक्' होतो, आणि मगच झाकण सुटतं. शिट्टी मारणं आमच्या खानदानात नाही. याचा मला त्या काळी भारी गर्व होता.

ज्या घरात आलो तिथे माणसं तीन. म्हातारी आई, तिचा मुलगा आणि सूनबाई. म्हातारीची नजर गेलेली होती. तरीही स्वयंपाकघरात लुडबुड करायची हौस जात नव्हती, आणि एकदा गॅसवर हात भाजून घेतल्यावर मुलानं सरळ मला विकत आणलं. जुना शिट्टीचा कुकर भंगारवाल्याच्या गाडीवर गेला.

म्हातारीचं त्या कुकरशी फार जमायचं. सूनबाई बाहेरच्या खोलीत शिलाईचं मशीन चालवायची, लोकांच्या पॅन्टी आखूड करायची, पडदे शिवायची. मशीनच्या खडखडाटात तिला शिट्ट्या ऐकू यायच्या नाहीत. म्हातारी आतल्या खोलीत कॉटवर बसून त्या मोजायची आणि ओरडून सांगायची, "झाल्या गं, बंद कर." घरात तिच्या वाट्याला तेवढं एकच काम उरलं होतं, आणि ते मी आल्या आल्या हिसकावून घेतलं.

पहिल्या दिवशी ती बराच वेळ कान देऊन बसली. शेवटी म्हणाली, "अगं, हा बोलतच नाही."

"आई, हा शिट्टी देत नाही. आपला आपण बंद होतो," सूनबाई म्हणाली.

"मग कळायचं कसं?"

"कळायची गरजच नाही."

"मग मी काय करू?" म्हातारीनं विचारलं. मुलगा हसला, म्हणाला, आई, तू आराम कर. ती काही हसली नाही. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, एखादी शिट्टी असती तर बरं झालं असतं.

पण म्हातारी हार मानणारी नव्हती. तरुणपणी ती टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती. खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढण्यात तिचं आयुष्य गेलेलं. तिनं चार दिवसांत माझा तो 'टक्' शोधून काढला. दोन भिंती आणि चालू मशीन मध्ये असताना. आतल्या खोलीतून आवाज यायचा, "पडला."

वाफ जिरली की आपण म्हणतोच, कुकर पडला. सूनबाई मशीन थांबवून उठायची, येऊन बघायची तर खरंच पिन खाली बसलेली. एकदा ती चेष्टेनं म्हणाली, "आई, पिन पडली म्हणा. कुकर कुठे पडलाय? आहे तिथेच आहे."

"कसली पिन नि बिन. पडतो तो कुकर." म्हातारीला माझ्या पिनेशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या लेखी मी पूर्वीच्याच कुकरचा मुका भाऊ होतो.

एक गोष्ट मात्र फक्त मला माहीत होती. पुढे पुढे तिचा शब्द आधी यायचा आणि माझी पिन नंतर पडायची. फार अंतर नसायचं, सूनबाई खुर्चीतून उठेपर्यंत सगळं जुळून यायचं. पण पिन वर असायची, आतून "पडला" यायचं, आणि तेव्हा कुठे माझ्यातली उरलीसुरली वाफ निघून जायची. जणू ती म्हणाली म्हणून मी पडलो. मला ते आवडायचं नाही.

आता कोंबडीचं सांगतो. मुलगा कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. डोंगराएवढ्या मांडण्यांवर गोठवलेल्या मालाची खोकी चढवायची आणि उतरवायची, असं काम. जाडजूड जाकीट घालून जायचा आणि घरी आला तरी तासभर त्याच्या कपड्यांना थंडी चिकटलेली असायची. खोकं फाटलं की आतला माल कामगारांना स्वस्तात मिळायचा. तो बहुतेक वेळा कोंबडीच्या छातीचे बिनहाडाचे तुकडे घेऊन यायचा, दगडासारखे घट्ट.

शिजवायचं असेल तर ते आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेवायचे असतात. सूनबाईच्या हे कधी म्हणजे कधी लक्षात राहायचं नाही. मशीनवरून उठायची, ओट्याशी यायची, कपाळावर हात मारायची, आणि तुकडे तसेच माझ्यात. तळाशी वाटीभर पाणी, त्यावर जाळी, जाळीवर तुकडे एकमेकांना चिकटू न देता. एकदा घाईत तिनं दोन तुकड्यांचा गठ्ठा तसाच टाकला तर म्हातारी ताटावरून म्हणाली, "मधे कच्चं आहे." तेव्हापासून सूनबाई चिकटलेले तुकडे वाहत्या गार पाण्याखाली धरून सुटे करायची. मीठ, मिरपूड, ठेचलेला लसूण. झाकण फिरवायचं, बटण दाबायचं, आणि मशीनवर परत.

गोठलेलं घातलं की मला वाफ धरायला उशीर लागतो. त्या काळात मी आणि ते तुकडे बंद अंधारात एकटेच असतो. आधी काहीच नसतं. मग बारीक तडतड सुरू होते, मग कुठेतरी पाण्याचा थेंब सुटतो. थंडीतून परत येणारं काहीही गुपचूप येत नाही, एवढं मी त्या अंधारात शिकलो.

म्हातारी एका सकाळी उठली नाही. त्रास नाही, आजारपण नाही. माणसं आली, गेली. कॉट तिथेच राहिली, फक्त गादी गुंडाळून माळ्यावर गेली. सूनबाईनं बरेच दिवस मला हात लावला नाही. घरात कुणाला भूकच नव्हती.

मग एका दुपारी तिनं फ्रीजर उघडला, नेहमीसारखा कपाळाला हात लावला आणि तुकडे माझ्यात ठेवले. बाहेर मशीन सुरू झालं. मी तापलो, शिजवलं, बंद झालो. वाफ हळूहळू उतरत होती. पिन अजून वर होती.

आतल्या खोलीतून आवाज आला. "पडला."

आणि माझी पिन पडली.

मशीन थांबलं. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे. आत नुसती लोखंडी कॉट होती. तिच्या अंगावर काटा आलेला मला दिसत होता. तरी ती पळाली नाही. काही वेळानं तिनं हळूच म्हटलं, "हो आई, आले," आणि माझं झाकण उघडलं.

माणसाला कशाचीही सवय होते. महिनाभरात ती मशीनवरून न बघता "आले" म्हणायला लागली. मला वाटतं तिला आधारच वाटायचा. घरात कुणीतरी आहे, लक्ष ठेवून आहे. फक्त नवऱ्याला तिनं सांगितलं नव्हतं. त्याला काही ऐकू येत नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी तो ओट्यापाशी चहा पीत होता, आतून शब्द आला आणि सूनबाईच्या तोंडून सवयीनं "हो आई" निघून गेलं. त्यानं कप खाली ठेवला.

"काय म्हणालीस?"

"काही नाही हो. तोंडात बसलंय."

 त्या दिवशी तो आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ उभा होता, आणि बाहेर आला तेव्हा चेहरा पडलेला होता. आपल्याला का नाही ऐकू येत, असं काहीसं.

आता त्या दुपारचं सांगतो, जिच्यामुळे मी इथे वर आलो.

सूनबाईकडे पडद्यांची मोठी ऑर्डर होती. तुकडे माझ्यात घालून ती मशीनवर बसली. मी नुकती वाफ धरली होती. पिन वर, झाकणाला कुलूप, आतलं अजून अर्धवट गोठलेलं. शिजायला पुष्कळ अवकाश होता.

"पडला."

सूनबाई "आले" म्हणत आली. तिनं झाकणाला हात घातला आणि फिरवायला गेली. ते हललं नाही. तिनं वाकून पिन पाहिली. वर होती. मला कान लावला, तर माझ्या आत वाफ नुसती खदखदत होती.

म्हातारी आजवर एकदाही चुकली नव्हती.

"आई, कुकर नाही पडला अजून," सूनबाई म्हणाली.  ती तशीच उभी राहिली, आणि मग तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मी पाहिलं. कुकर पडला नसेल, तर पडला कोण?

तिनं धावत जाऊन फोन उचलला. नवऱ्याला लावला. लागला नाही. कोल्ड स्टोरेजच्या आत फोनला रेंज नसते, हे तिला माहीत होतं. मग तिनं गेटवरच्या वॉचमनला लावला. घरात शांतता होती, त्यामुळे पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"वहिनी, काळजी कशाला करता? मघाशी तर आत जाताना बघितलं त्यांना. जेवणाची सुट्टी झालीय, सगळे बाहेर बसलेत. असतील त्यांच्यातच."

"तुम्ही डोळ्यांनी बघून या."

"अहो, संध्याकाळचा ट्रक आला की आत जाणंच आहे..."

"संध्याकाळपर्यंत नको. आत्ता जा. ते पडलेत."

"तुम्हाला घरी बसून कुणी सांगितलं?"

सूनबाईला खोटं सुचलं नाही. ती म्हणाली, "आई म्हणाल्या."

 म्हातारीला पोचवायला वॉचमन स्वतः आला होता. फोन बंद न करता त्यानं तो टेबलावर ठेवला असावा, कारण खुर्ची सरकल्याचा आणि मग पळत गेलेल्या बुटांचा आवाज आला.

सूनबाई फोन कानाला धरून माझ्याशेजारी उभी राहिली. मी माझं काम करत होतो. थांबता येत नाही मला. माझ्या पोटात ते तुकडे तडतडत होते आणि ती माझ्या तापल्या झाकणावर हात ठेवून होती. हात भाजतोय हे तिच्या ध्यानात नव्हतं. त्याला तिथे थंडीत पडलेला ती डोळ्यांसमोर बघत होती, हे मला न सांगता कळत होतं. देवा, मला हात असते तर मी तिचा हात बाजूला केला असता.

तो सापडला. अगदी मागच्या मांडणीपाशी, शिडीवरून पडलेला, एक पाय मोडलेला. दारापर्यंत सरपटत यायचं त्याच्यात बळ नव्हतं. ट्रक येईपर्यंत कुणी आत गेलं नसतं, आणि तोवर त्याला बाहेर काढून काही उपयोग झाला नसता. असं दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं.

पायाला प्लास्टर घालून घरी आला, त्या दिवशी तो ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसला आणि बायकोला म्हणाला, "झोप येत होती गं मला. इतकी गोड झोप की काय सांगू. पण आई शिट्ट्या मोजत होती."

सूनबाईच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"शिट्टी एक ऐकू येत नव्हती, नुसता तिचा आकडा. डोळा लागला की पुढचा आकडा. म्हणायची, थांब, अजून व्हायच्यात."

मग सूनबाईनं त्याला सगळं सांगितलं. दोघंही रडले. मला वाटलं, आता या घरात माझा मान वाढणार.

झालं उलटंच. सूनबाईला तो शब्द सोसेना. मी खरोखर पडायचो, म्हातारी तसं सांगायची, तरी ही दचकून उठायची. आधी पिन बघायची, मग फोनकडे धावायची, नवरा समोर खुर्चीत बसलेला असला तरी. एक दिवस म्हणाली, "बास झालं. मी पातेल्यात शिजवीन. रात्री आठवणीनं तुकडे खाली काढून ठेवीन." मला पुसलं, खोक्यात घातलं, आणि वॉचमन नवऱ्याची चौकशी करायला आला होता त्याच्याकडून माळ्यावर ठेवून घेतलं.

तिची चूक नव्हती. पण तिनं एक विचार केला नाही. मी बंद झालो म्हणून आतली म्हातारी थोडीच बंद होणार. तिचं काम दुसऱ्यांदा गेलं होतं.

रिकामी म्हातारी आता सगळ्या घराचा कानोसा घ्यायला लागली. मी वरून ऐकत होतो. आतून "पडला" यायचं आणि दोरीवरचा टॉवेल घसरायचा. "पडली," आणि न्हाणीघरात तेलाची बाटली. "पडलं," आणि शेजारच्यांच्या घरात कसलंसं भांडं. दिवसभर हेच. कधी शब्द आला की सूनबाई जागच्या जागी थिजून वाट बघायची. काही वाजलं की तिच्या जिवात जीव यायचा. कधी काहीच वाजायचं नाही, म्हणजे जे पडलं ते लांब कुठेतरी पडलेलं असायचं. तिची शिवण वाकडी व्हायला लागली. गिऱ्हाइकं पॅन्टी परत आणायला लागली.

मी मनातल्या मनात रोज विनवायचो, अगं, मला खाली घे. माझ्यासाठी नको, म्हातारीसाठी घे. तिला रोज एक साधं पडणं दे. तेवढ्यात तिचं समाधान आहे. एकदा कुकर पडला असं सांगून झालं की ती दुसरीकडे कान नेत नव्हती. तुम्हालाही हेच सांगणार होतो, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातचं काम काढून घेऊ नका. माझी गोष्ट मी तिथेच संपवणार होतो.

नवऱ्यालाच ते सुचलं. पाय बरा होऊन आज तो पहिल्यांदा कामावर गेला. आता त्याला खालचं, कागदांचं काम दिलंय. जाताना दारात म्हणाला, "आज कुकर काढूया. आईला तिचं काम परत देऊ. मी आलो की उतरवतो वरून."

"बघू," असं सूनबाई म्हणाली.

पण मी ओळखतो तिला. तो येईपर्यंत तिला दम निघायचा नाही. आल्या आल्या त्याच्यापुढे गरम ताट ठेवायचं असणार. मघाशी तिनं फ्रीजर उघडला. तुकडे ओट्यावर ठेवले, दगडासारखे. ते चिनी मातीच्या ताटलीवर वाजले ते मला कळलं. किती दिवसांनी तिला गुणगुणताना ऐकलं. मग तिनं बाहेरच्या खोलीतून मशीनचं स्टूल ओढत आणलं. त्याचा एक पाय आखूड आहे, खाली कापडाची घडी घालून ती बसते. घडी तिथेच राहिली असावी, कारण स्टूल माझ्या खाली येऊन टेकलं ते डुगडुगत.

"पडली."

आतल्या खोलीतून. अगदी स्पष्ट, ऑपरेटरच्या आवाजात.

सूनबाई थांबली. तिनं कान दिला. काही वाजलं नाही. ना बाटली, ना कात्री. शेजारीही सगळं शांत.

"काय पडली, आई?" तिनं विचारलं. मग तिला हसू आलं. "पिन होय? इतकी काय घाई झालीय तुम्हाला? कुकर अजून माळ्यावरच आहे. थांबा, काढते."

अगं सूनबाई, तिला पिन ठाऊक नाही. कधीच ठाऊक नव्हती. पिन नाही म्हणत ती. राहू दे मला इथे. मी गंजेन, माझं रबर कडक होईल, मला काही वाटायचं नाही. तो आल्यावर उतरवेल. तुकडे थोडे सुटतील तोवर, बरंच आहे ते. ओट्याशी बस, फोन कर त्याला, काहीही कर, पण चढू नकोस.

माझ्या खोक्याच्या कडेला तिची बोटं लागली आहेत.